रिले ‘टक्’ वाजतो, सेल्फ मात्र फिरत नाही

जुन्या डिझेल ट्रॅक्टरची चावी फिरवली की रिले (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) ‘टक्’ वाजतो आणि सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, ढिम्म. रिले वाजला म्हणजे तो ठीक, असं धरून पुष्कळजण थेट सेल्फच उतरवतात. त्या आवाजावरून कळतं ते इतकंच की रिलेतल्या कॉइलने (तारेच्या गुंडाळीने) चुंबक होऊन पट्टी ओढली. पट्टीच्या टोकाचे कॉन्टॅक्ट पुढे करंट देतात का, हे वेगळं तपासावं लागतं.

चार पिनांच्या नेहमीच्या 12 व्होल्ट रिलेत 85 आणि 86 या पिना कॉइलच्या. 30 वर बॅटरीचा सप्लाय येतो, 87 वरून तो सेल्फच्या सोलेनॉइडला (सेल्फवरच्या मोठ्या चुंबकी स्विचला) जातो. कॉइलला साधारण 0.15 अँपिअर पुरतो, सोलेनॉइड मात्र ओढताना 30 अँपिअरही घेतो. कॉन्टॅक्ट जळून तिथे 0.1 ओहम अडथळा तयार झाला, तरी 3 व्होल्ट जागेवरच उष्णतेत जातात. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच अडथळा जवळपास तेवढा असतो, त्यामुळे ओहमवर हा दोष सापडत नाही. तपासणी भार असतानाच करायची.

आधी गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला, पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉपची दांडी ओढलेली. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. चार्ज बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती 9.6 च्या खाली गेली, तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल बघा. मग मीटरची लाल वायर 30 ला, काळी 87 ला लावा आणि दुसऱ्याला चावी धरून ठेवायला सांगा. चावी फिरवण्याआधी इथे 12 च्या आसपास दिसेल. ‘टक्’ झाल्यावर आकडा 0.2 च्या आत यायला हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर राहिला तर कॉन्टॅक्ट गेले. 12 वरून हललाच नाही, तर ते जुळतच नाहीत.

आवाजच नसेल तर चावी धरून 85-86 मध्ये मोजा. 12 येत असतील तर कॉइल तुटली. रिले बाहेर काढून मोजली तर चांगली कॉइल 70 ते 100 ओहम दाखवते. व्होल्टेज नसेल तर फ्यूज, चावीचा स्विच, न्यूट्रल किंवा क्लचचा स्विच आणि अर्थिंग तपासा. मावळ-मुळशीकडे भाताच्या चिखलणीत वापरलेल्या ट्रॅक्टरला अर्थिंगच्या बोल्टखाली गंज हमखास सापडतो.

‘टरटर’ असा आवाज बहुधा बॅटरी पडल्याचा. प्रत्येक टरटरीत कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, म्हणून बॅटरी तशीच ठेवून बदललेला रिलेही लवकर जळतो. कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासू नका, वरचा चांदीमिश्रित थर निघून जातो.

स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फची टर्मिनल जोडून इंजिन चालू करणं सर्रास दिसतं. कृपया करू नका. त्यात न्यूट्रलचा स्विच बाजूला पडतो, आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर चाकाशेजारी उभ्या माणसाच्या अंगावर येतो.

नवा रिले पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळेल. जुना सोबत न्या. पिनांची मांडणी आणि अँपिअर जुळवून घ्या. आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर 86 लाच प्लस द्यावा लागतो. बसवताना पिना खाली ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही.