मिठाला पाणी सुटलं की भिंतीकडे बघा

दर जुलैत फोनवर एक निरोप फिरत येतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करा, फेस आला की भिंतीला फासा, बुरशी मुळासकट जाईल. यंदा तो मला तिघांनी पाठवला. त्यातल्या एक माझ्या मावशी, आणि त्यांनी खरोखरच अख्खी भिंत त्या फेसाने पुसून काढली. आठ दिवसांत डाग परत आले.

फेस बघून वाटतं की काहीतरी जोरदार घडतंय. प्रत्यक्षात तो नुसता कार्बन डायऑक्साइड असतो. आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवतात आणि मागे उरतं सोडियम अ‍ॅसिटेट नावाचा एक क्षार आणि पाणी. थोडक्यात, आपण भिंतीला पाणी पाजतो. नुसतं व्हिनेगर टाइल्सवर किंवा काचेवर बऱ्यापैकी काम करतं, पण गिलाव्याच्या भिंतीत सिमेंट आणि चुना असतो, तोच ते आम्ल खाऊन टाकतो. कडप्पा, शहाबादी किंवा संगमरवरावर तर व्हिनेगर टाकूच नका, दगडाची चकाकी कायमची जाते.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. बुरशी नेमकी तिथेच का येते? पावसाळ्यात आमचं लाकडी कपाट पुढे ओढलं तेव्हा मागच्या भिंतीवर हुबेहूब कपाटाच्या आकाराचा काळपट-हिरवा चौकोन होता. चौकोनाबाहेर भिंत स्वच्छ. रंग तोच, गिलावा तोच. बुरशीचे बीजाणू तर घरभर हवेत तरंगत असतात. खाणं म्हणाल तर धूळ, रंगातला चिकट पदार्थ, कागद, लाकूड, काहीही चालतं. मग कपाटामागे जास्तीचं काय होतं? पाणी. डोळ्यांना न दिसणारं पाणी.

हे पाणी मोजायचं साधन तुमच्या स्वयंपाकघरात आहे. मीठ.

मिठाला पाणी सुटलं असं आपण म्हणतो, पण ते मिठातून सुटत नाही, हवेतून मिठावर येतं. साध्या पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत उडत असतात आणि हवेतले रेणू परत येत असतात. हवा १०० टक्के आर्द्र झाली की दोन्हींचा हिशोब बरोबर जुळतो. मिठाच्या संपृक्त द्रावणात मात्र सोडियम आणि क्लोराइडचे आयन पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात, उडू देत नाहीत. त्यामुळे तिथे हा हिशोब ७५ टक्क्यांनाच जुळतो. हवेची आर्द्रता ७५च्या वर गेली की मिठावर येणारे रेणू जाणाऱ्यांपेक्षा जास्त होतात आणि बरणीतलं मीठ ओलं होऊ लागतं. आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानात हा आकडा जवळपास हलत नाही. (प्रयोगाला बारीक मीठ घ्या. जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते बरंच आधी ओलं होतं.)

आता यातली सुंदर गोष्ट. बुरशीचा तंतूही पाणी असंच ओढून घेतो, आणि ते त्याला किती सहज मिळतं यावर तो वाढणार की नाही हे ठरतं. घरातल्या बहुतेक बुरशींना पृष्ठभागाशी साधारण ८० टक्के आर्द्रता लागते. अ‍ॅस्परजिलसच्या काही चिवट जाती ७५च्या आसपास किंवा किंचित खालीही कशाबशा तग धरतात. म्हणजे मीठ ज्या रेषेवर ओलं होतं, जवळपास त्याच रेषेवर बुरशीचा संसार सुरू होतो. लोणचं टिकतं त्यातही या कारणाचा मोठा वाटा असतो. मीठ तिथलं पाणी इतकं बांधून ठेवतं की बुरशीच्या वाट्याला ते फारसं येत नाही.

मी एक प्रयोग केला. रात्री दोन काचेच्या बशांत चमचाभर मीठ पसरलं. एक बशी टीपॉयवर ठेवली, दुसरी कपाटामागे भिंतीला टेकवून. सकाळी टीपॉयवरचं मीठ बशी तिरकी करताच सरसरून घसरलं. कपाटामागच्या मिठाचा गोळा झाला होता आणि कडेने पाण्याची बारीक चकचकीत रेघ उमटली होती. खोली एक, हवा एक, अंतर जेमतेम आठ फूट.

असं का झालं ते आकड्यांत बघू. खोलीत २८ अंश तापमान आणि ७२ टक्के आर्द्रता होती. २८ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम बाष्प मावतं, त्याचे ७२ टक्के म्हणजे साडेएकोणीस ग्रॅम. कपाटामागची भिंत बाहेरून पावसात भिजलेली, वाऱ्याने गार झालेली, आणि कपाटाच्या आडोशामुळे खोलीची ऊब तिच्यापर्यंत पोचत नव्हती. तिथे तापमान भरलं २५ अंश. २५ अंशांना हवेत २३ ग्रॅमच मावतात. बाष्प तेवढंच, साडेएकोणीस ग्रॅम, पण २३पैकी साडेएकोणीस म्हणजे ८५ टक्के! तीन अंशांच्या फरकाने हवा बुरशीच्या हद्दीत गेली. भिंत कुठे गळत नव्हती, पाण्याचा एक थेंब नव्हता.

हाच हिशोब उलटाही चालतो. आमच्या आजोळी बाजाच्या पेटीच्या कपाटात पावसाळाभर झिरोचा पिवळा बल्ब जळत असायचा, भात्याला बुरशी येऊ नये म्हणून. मला वाटायचं बल्ब पाणी सुकवतो. तसं नाही. कपाटातली हवा तीन अंशांनी तापून ३१ झाली की तेच साडेएकोणीस ग्रॅम बाष्प ६१ टक्क्यांवर येतं. पाणी तिथंच, बुरशीला मात्र मिळेनासं. एलईडी फारसा तापत नाही, म्हणून त्याचा इथे उपयोग नाही, आणि तापणारा बल्ब कपड्यांपासून लांबच ठेवायला हवा.

कपडे आतल्या खोलीत वाळत घालण्याबद्दलही बोललं पाहिजे. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीतली हवा २८ अंशांना फार तर ९०० ग्रॅम बाष्प सामावून घेते. मशीनमधून पिळून निघालेल्या एका खेपेत दीड-दोन लिटर पाणी असतं. ते जाणार कुठे? गाद्यांत, पुस्तकांत आणि त्या गार भिंतीवर. कपडे गॅलरीत घाला. जागाच नसेल तर पंखा चालू, खिडकी उघडी आणि खोलीचं दार बंद.

कापूर जाळून बुरशी मरते, असंही सांगितलं जातं. कापराच्या वासाने कुबट वास झाकला जातो, भिंतीवरची आर्द्रता एक टक्काही कमी होत नाही. दुसरीकडे उगाच घाबरवणारेही आहेत. २०२१ साली ज्या ‘काळ्या बुरशी’ने माणसं गेली ती म्युकोरमायकोसिस. मधुमेह हाताबाहेर गेलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांना तिने गाठलं, आणि तिचं नाव मेलेल्या ऊतींच्या काळेपणावरून पडलं. भिंतीवरचे काळे ठिपके बहुधा क्लॅडोस्पोरियमसारख्या वेगळ्याच बुरशींचे असतात. दम्याच्या आणि अ‍ॅलर्जीच्या माणसांना त्यांचा खरोखर त्रास होतो, आणि तेवढं कारण डाग काढायला पुरेसं आहे.

काढताना कोरडं घासू नका, बीजाणू घरभर उडतात. नाकाला मास्क लावा, डाग आधी ओला करा, साबणाच्या पाण्याने पुसा, फडकं टाकून द्या आणि भिंतीवर दिवसभर पंखा सोडा. बुरशी नुसती मारून भागत नाही, मेलेली बुरशीही अ‍ॅलर्जी देते. आणि ब्लीच वापरणार असाल तर त्यात व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं आम्ल चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

जुन्या साध्या भिंतींना चुना अजूनही उत्तम. ताज्या चुन्याचा सामू (पीएच) १२च्या वर असतो, तिथे बुरशी जगत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन तो हळूहळू खडू होतो आणि धार जाते, म्हणून गणपती-दिवाळीच्या आधी दरवर्षी नवा हात. ऑइल पेंटवर चुना धरत नाही, आणि लावताना डोळे सांभाळायचे.

आम्ही कपाट वीतभर पुढे ओढलं आणि तळाशी हवा जाईल अशा विटा दिल्या. मिठाची बशी अजून तिथेच आहे. काल रात्री धो धो पाऊस होता. सकाळी बशी तिरकी केली तेव्हा मीठ थोडं अडखळलं, पण घसरलं.