पाणी उकळलं म्हणून नायट्रेट जात नाही

‘विहिरीचं पाणी उकळून गार करा आणि खुशाल फिशटँकमध्ये ओता,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. उकळल्याने जंतू मरतात, खरं. पण नायट्रेट (जास्त झालं तर माशांना अपायकारक ठरणारा क्षार) पाण्यात विरघळलेलं असतं, ते वाफेबरोबर उडत नाही. उलट 10 लिटरचं आटून 8 लिटर झालं, तर लिटरमागे 40 मिलिग्रॅमचं 50 होतं! तुरटीनेही ते खाली बसत नाही.

शेतातला युरिया, शोषखड्डे यांतून ते विहिरीत झिरपतं. म्हणून आधी नायट्रेट मोजायच्या किटने विहिरीचंच पाणी तपासा. तिथेच 40 असेल, तर नुसतं पाणी बदलून फिशटँकमधला आकडा त्याखाली उतरणार नाही. विहिरीच्या पाण्यात निम्मं आरओचं पाणी मिसळा, त्या मिश्रणाचा आकडा 20च्या आसपास येईल. आरओचं म्हणजे गाळलेलं. नळीतून वाया जाणारं नव्हे, त्यात नायट्रेट जास्तच असतं.