लिनक्स कर्नलच्या दारावरचे नियम आले कुठून?

लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याला, पहिला बदल पाठवू पाहणारा सहसा सी भाषेत अडत नाही, ई-मेलमध्ये अडतो. मेल साध्या मजकुरातच हवा. एचटीएमएल असेल तर मेलिंग लिस्ट तो स्वीकारतच नाही. पॅच, म्हणजे केलेल्या बदलांची यादी, अटॅचमेंट म्हणून जोडायचा नाही, मेलच्या मजकुरातच द्यायचा. शिवाय ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही सहीची ओळ विसरायची नाही. वेबवर बटण दाबून बदल पाठवण्यावर (पुल रिक्वेस्टवर) वाढलेल्या पिढीला हा सगळा छळवाद वाटतो. पण यातला जवळजवळ प्रत्येक नियम कुठल्यातरी भांडणातून, कोर्टकचेरीतून नाहीतर नाइलाजातून आलेला आहे.

गोष्ट लिनक्सच्याही आधी सुरू होते. पुढे पर्ल भाषा घडवणारे लॅरी वॉल यांनी 1985 मध्ये ‘पॅच’ नावाचा छोटा प्रोग्राम खुला केला. अख्खी फाइल पाठवायची गरज नाही. बदललेल्या ओळींची यादी पाठवा, समोरचा ती आपल्या प्रतीवर चढवेल. नेटवर्क संथ आणि महाग होतं, त्या काळात ही मोठीच सोय होती. 1987 मध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम यांची शिकवण्यासाठी लिहिलेली मिनिक्स ही ऑपरेटिंग प्रणाली आली. सोर्स कोड मिळायचा, पण प्रणाली लहान आणि सुटसुटीतच राहावी असा टॅनेनबॉम यांचा आग्रह होता. त्यामुळे 386 प्रोसेसरसाठी ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस इव्हान्स यांनी केलेलं काम मूळ मिनिक्समध्ये न जाता पॅचच्या रूपात फिरत राहिलं. मिनिक्स विकत घ्या आणि वरून पॅच चढवा, असा कारभार होता. हेलसिंकी विद्यापीठात शिकणारे लिनस टोरवाल्ड्स असंच ठिगळ लावलेलं मिनिक्स वापरत होते.

25 ऑगस्ट 1991 रोजी त्यांनी मिनिक्सच्या न्यूजग्रुपवर (नेटवरच्या चर्चागटात) आपल्या नव्या प्रणालीची खबर दिली. सप्टेंबरात आलेली 0.01 ही आवृत्ती साधारण 10,000 ओळींची होती. त्या दिवसांत नवखेपणाचा प्रश्नच नव्हता, कारण सगळेच नवखे होते. काही मोडलं की दुरुस्ती करून लिनसना मेल करायचा, आवडली तर ते ती आपल्या हाताने घालायचे. 1992 मध्ये कर्नल जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आलं आणि माणसं वाढली. लिनस मात्र एकच होते.

पॅच पाठवायचा, उत्तर नाही; पुन्हा पाठवायचा, तरीही नाही. नाकारला की नजरेतून सुटला, काही कळायला मार्ग नव्हता. 1998 मध्ये यावरून लिस्टवर जाहीर खडाजंगी झाली. 2002 च्या सुरुवातीला पॅच सांभाळायला स्वतंत्र माणूस नेमा अशी मागणी आली, ती लिनसनी मान्य केली नाही. उपविभागांचे मेंटेनर, म्हणजे त्या-त्या भागाची जबाबदारी सांभाळणारे, आहेत, त्यांच्याकडून या, असा त्यांचा सूर होता. आज नवख्याला पहिल्याच दिवशी ‘गेट मेंटेनर’ ही स्क्रिप्ट चालवून योग्य माणूस शोधायला सांगतात, आणि आठवडाभर तरी वाट पाहिल्याशिवाय आठवण करू नका असंही बजावतात. हा शिष्टाचार त्याच हरवलेल्या पॅचच्या काळातला.

2002 मध्येच लिनसनी कोडमधल्या बदलांचा हिशोब ठेवणारं बिटकीपर हे मालकी हक्काचं सॉफ्टवेअर वापरायला घेतलं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना ते सलत होतंच. 2005 मध्ये वाद विकोपाला गेला, फुकट वापराची सवलत गेली आणि एप्रिलच्या पहिल्या काही दिवसांत लिनसनी त्याच कामासाठी गिट लिहायला घेतलं. नवख्याच्या दृष्टीने गिटमधली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, लेखक वेगळा नोंदतात आणि तो कोड आत घेणारा वेगळा. तुमचा तीन ओळींचा पॅच कितीही मेंटेनरांच्या हातांतून गेला तरी लेखक म्हणून नाव तुमचंच राहतं.

सहीच्या ओळीमागे खटला आहे. मार्च 2003 मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा लावला. युनिक्स या जुन्या प्रणालीचा कोड लिनक्समध्ये घुसवला असा आरोप होता. कुठली ओळ कुणी आणि कुठून आणली, याचा सलग पुरावा तेव्हा ठेवलेलाच नव्हता. म्हणून मे 2004 मध्ये ही ओळ आली. हा कोड मी लिहिला आहे, किंवा तो देण्याचा मला अधिकार आहे, एवढीच ग्वाही त्यात असते. खरं नावच द्या, टोपणनाव चालणार नाही, असं पूर्वी स्पष्ट लिहिलेलं होतं. 2023 मध्ये ती अट सैल झाली; आता लोकांना ठाऊक असलेली ओळख पुरते, निनावी मात्र चालत नाही.

नवख्यांना मुद्दाम हात देण्याचे प्रयत्नही झाले. ‘कर्नल न्यूबीज’ आणि साफसफाईची कामं वाटून देणारा ‘कर्नल जॅनिटर्स’ हे त्यातले जुने. 2007 मध्ये पॅच तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट आली: टॅबऐवजी स्पेस, ओळीअखेरची रिकामी जागा, 80 अक्षरांपलीकडे गेलेली ओळ, सगळ्यावर बोट ठेवणारी. (ओळीची मर्यादा 2020 मध्ये 100 वर गेली. त्याआधी ती पाळण्यासाठी मोडलेल्या ओळी वाचायला किती त्रासदायक होत्या ते विचारू नका.) 2008 मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी ‘स्टेजिंग’ विभाग उघडला. चालणारे पण ओबडधोबड ड्रायव्हर (उपकरणं चालवणारा कोड) इथे ठेवायचे, सोबत ‘टूडू’ फाइलमध्ये काय सुधारायचं ते लिहायचं. शिकाऊंना सरावाची जागा मिळाली. स्पेस पुसणाऱ्या पॅचचा पूरही आला. पॅच बनवून पाठवायची वाट एकदा मळावी यासाठी असे एकदोन पॅच ठीक. तिथेच रमणाऱ्याला कर्नल कळत नाही, असं माझं मत आहे.

खोल पाण्यात उतरण्याची किंमत काय असते, हे कॉन कोलिव्हास यांच्या बाबतीत दिसलं. ते ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ. प्रोग्रामिंग हा पेशा नसताना त्यांनी शेड्युलर लिहिला. कुठल्या प्रोग्रामला प्रोसेसर किती वेळ द्यायचा हे ठरवणारा भाग. घरच्या संगणकावर तो छान चालतो असं वापरणारे सांगत. 2007 मध्ये मात्र इंगो मोल्नार यांचा सीएफएस हा शेड्युलर स्वीकारला गेला. न्याय्य वाटपाच्या कल्पनेचं श्रेय त्यात कोलिव्हास यांना दिलेलं होतं, पण कोड त्यांचा नव्हता. ते कर्नलच्या कामातून बाजूला झाले.

बोलण्याच्या पद्धतीवरून ठिणगी पडली ती 2013 मध्ये. यूएसबी 3.0 वर काम केलेल्या सेज शार्प यांनी लिनस यांच्या शिवराळ मेलना जाहीर हरकत घेतली. स्त्रियांसाठीच्या इंटर्नशिप उपक्रमात कर्नलला त्याच वर्षी त्यांनीच आणलं होतं. आज तो ‘आउटरीची’ या नावाने अधिक व्यापक झाला आहे. शार्प यांनी 2015 मध्ये काम सोडल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर 2018 मध्ये लिनसनी स्वतः माफी मागून काही काळ रजा घेतली आणि आचारसंहिता लागू झाली.

विश्वासाला तडा गेला तो वेगळ्याच दिशेने. पॅच तपासणारे किती सावध आहेत हे तपासण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम सदोष पॅच पाठवल्याचं उघड झालं. एप्रिल 2021 मध्ये त्या विद्यापीठाचे पॅच घेणं थांबलं आणि तिथून आलेलं जुनं कामही पुन्हा तपासावं लागलं. त्यातलं बहुतेक निर्दोष निघालं. तरी अनोळखी माणसाच्या छोट्याशा ‘दुरुस्ती’कडेही मेंटेनर तेव्हापासून जरा जास्तच डोळे बारीक करून पाहतात.

ई-मेल मात्र टिकून आहे. अलीकडे ‘बी4’ हे साधन आल्यापासून स्वतःचा मेल सर्व्हर जुळवता न येणाऱ्यांनाही पॅच वेबमार्गे पाठवता येतो. पलीकडे तो पोचतो साध्या मजकुराचा मेल म्हणूनच, आणि त्यावरची टीका ओळीखाली ओळ लिहून उत्तरातच येते.