टेप ट्रेडिंग

हेवी मेटल या दणदणीत रॉक संगीताच्या चाहत्यांनी आवडत्या बँडच्या कॅसेट घरी कॉपी करून टपालाने एकमेकांना पाठवण्याची आणि त्यांवर मत कळवण्याची प्रथा. १९८०च्या दशकात ती अमेरिका व युरोपात जोरात होती आणि ब्राझीलपर्यंत पोहोचली होती. पैशांचा व्यवहार सहसा नसे. कॅसेटला कॅसेट हाच दर. फिरत ते मुख्यतः नव्या बँडचे डेमो (अल्बमआधीची नमुन्यादाखल ध्वनिमुद्रणे) आणि कार्यक्रमात चोरून केलेली ध्वनिमुद्रणे. पुण्या-मुंबईच्या गाणंवेड्या घरांतून खासगी मैफलींच्या टेप हातोहात फिरत, तोच हा प्रकार. फरक एवढाच की इथले भिडू बहुधा एकमेकांना कधी भेटलेलेही नसत.

चाहत्यांच्या पसंतीला वजन आले ते आधी लंडनमध्ये. शहराच्या वायव्येला किंग्जबरी येथे एका पबच्या मागच्या सभागृहात नील के हा डीजे ‘साउंडहाउस’ नावाने हेवी मेटलच्या रात्री चालवत असे. तिथे येणारी पोरे पुठ्ठ्या-लाकडाच्या खोट्या गिटारी घेऊन नाचत आणि फर्माइशी करत. या फर्माइशींवरून बनलेली क्रमवारी ‘साउंड्स’ या संगीत साप्ताहिकात छापून येई. आयर्न मेडन या तेव्हाच्या अनोळखी बँडने डिसेंबर १९७८च्या अखेरीस केंब्रिजमध्ये केलेला डेमो नील के याच्या हाती दिला. पुढच्या वर्षी त्यातले एक गाणे या क्रमवारीत पहिले आले, तेव्हा बँडची एकही तबकडी बाजारात नव्हती. मागणी वाढल्यावर बँडने त्यातली तीन गाणी नोव्हेंबर १९७९मध्ये स्वतःच ५,००० प्रतींत काढली. विक्रीचे आकडे नसताना निव्वळ ऐकणाऱ्यांच्या हट्टावर एखादे गाणे वर चढू शकते, हे यातून दिसले.

ब्रिटनमधल्या अशा नव्या हेवी मेटल बँडच्या तबकड्या अमेरिकेत सहजी मिळत नसत. ज्याच्याकडे त्या असत, त्याच्याकडे कॅसेट भरून घ्यायला मुले धावत. डेन्मार्कहून लॉस एंजेलिसला आलेला लार्स उलरिक अशांपैकीच एक. त्याच्या मेटॅलिका या बँडने जुलै १९८२मध्ये ध्वनिमुद्रित केलेला सात गाण्यांचा डेमो कॅसेटवरून कॅसेटवर होत देश ओलांडून न्यू जर्सीत जॉन झाझुला या दुकानदारापर्यंत गेला. बाजारात तबकड्या विकणाऱ्या या माणसाने बँडला पूर्व किनाऱ्यावर बोलावले आणि कोणी कंपनी पुढे येईना तेव्हा स्वतःच ‘मेगाफोर्स’ ही कंपनी काढली. पहिला अल्बम जुलै १९८३मध्ये आला. फ्लोरिडातल्या डेथ या बँडचेही तसेच: १९८४पासूनचे डेमो सर्वदूर पोहोचले होते, अल्बम मात्र १९८७मध्ये निघाला.

देवाणघेवाणीचा पाया म्हणजे यादी. आपल्याकडच्या टेपांची हाताने लिहिलेली किंवा टाइप केलेली यादी पत्रासोबत जाई. कार्यक्रमाच्या टेपपुढे तारीख, गाव आणि आवाजाचा दर्जा लिहिलेला असे. हा दर्जा महत्त्वाचा, कारण प्रत्येक कॉपीगणिक खरखर वाढते आणि झांजांचा आवाज विरत जातो. चौथ्या-पाचव्या हातची टेप ऐकणे ही निष्ठेचीच परीक्षा. वाईट टेपला ‘उत्तम’ लिहिणाऱ्याची पत लवकर जाई. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर मुख्य मजकूर संपून जागा उरली की पाठवणारा स्वतःच्या आवडीची दोन-तीन गाणी भरून टाके आणि ‘कसं वाटलं ते कळव’ असे लिही. ओळखी पुष्कळदा अशा भरीच्या गाण्यांवरून पक्क्या होत. टपालखर्च वाचवायला तिकिटांवर पातळ डिंक लावून, शिक्का पुसून तीच पुन्हा वापरण्याची युक्तीही सर्रास चाले.

मते पत्रांपुरती राहिली नाहीत. चाहत्यांनी झेरॉक्स करून काढलेल्या फॅनझीनमध्ये डेमोंची परीक्षणे येत आणि त्यांखाली बँडचा टपालपत्ता असे, म्हणजे वाचणाऱ्याने थेट टेप मागवावी. १९८१मध्ये निघालेले ‘केरँग!’ हे नियतकालिक दुकानात मिळे आणि त्यात अल्बमांना पाचपैकी गुण दिलेले असत. पण गुणांपेक्षा खरी पावती वेगळीच होती. आवडलेला डेमो माणूस स्वतःची कोरी कॅसेट आणि पाऊण तास खर्चून पुढच्या चौघांना कॉपी करून देई. न आवडलेल्या टेपवर दुसरेच काही भरले जाई. इतकी कडक निवड कुठल्याही कंपनीने केली नसती.

सीडी आणि नंतर इंटरनेट आल्यावर प्रथा ओसरली. एप्रिल २०००मध्ये गाण्यांच्या फाइली फुकट वाटू देणाऱ्या नॅपस्टरवर मेटॅलिकाने खटला भरला आणि उलरिक अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्षीला गेला, तेव्हा जुन्या टेपवाल्यांना त्याचा पूर्वेतिहास आठवला नसता तरच नवल. डेमो आपणहून वाटणे आणि विक्रीतला अल्बम परस्पर फुकट मिळणे यांत अर्थात फरक आहे. गुण देण्याची सवय मात्र टिकली: २००२पासून चालणाऱ्या ‘मेटल आर्काइव्ह्ज’ या संकेतस्थळावर चाहते अल्बमांना शंभरपैकी गुण देतात आणि त्या नोंदींत डेमोंनाही जागा आहे. मेटॅलिकाने आपला १९८२चा डेमो २०१५मध्ये अधिकृतपणे पुन्हा काढला, तोही कॅसेटवर.