‘कडक क्लच’ म्हणजे नक्की कुठला? जड पेडल आणि बटण प्लेट यांतला घोळ

महिनाभरात तिसऱ्यांदा तोच फोन. "भावा, गाडी रिमॅप केलीय, चौथ्या गिअरला क्लच सुटतोय. एखादा कडक क्लच सांग." म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनचा जोर वाढवलाय आणि आता क्लच धरायचा सोडून घसरतोय. मी विचारलं, "कडक म्हणजे?" उत्तर आलं, "कडक म्हणजे कडक की रे!"

कोल्हापुरात कडक हा शब्द चहाला चालतो, उन्हाला चालतो, पैलवानाच्या अंगाला चालतो. क्लचला मात्र चालत नाही. कारण या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, पेडल दाबताना पायाला जड लागणारा क्लच. दुसरा, पेडल सोडताना झटका देऊन धरणारा क्लच. पहिला गुण प्रेशर प्लेटचा, दुसरा क्लच प्लेटच्या लायनिंगचा, म्हणजे तिच्या घासणाऱ्या थराचा. एक हवा असताना दुसरा घेऊन आलेले लोक मी इतके पाहिलेत की आता लिहूनच टाकतो.

कंपनीचा क्लच कसा चालतो हे तुम्हाला माहीत आहे. इंजिनबरोबर फिरणारं जड चाक म्हणजे फ्लायव्हील आणि स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट यांच्या मध्ये क्लच प्लेट चिमटलेली, पेडल दाबलं की चिमटा सुटतो, बस. आणखी एक गोष्ट एका ओळीत उरकतो, कारण तिच्यावर वाद घालायचा मला कंटाळा आलाय: क्लच बदलून पॉवर वाढत नाही. इंजिनने दिलेला टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, न घसरता पुढे पोचवणं एवढंच त्याचं काम.

आता खरी गोम. हा टॉर्क धरायची ताकद चार गोष्टींच्या गुणाकारातून येते: प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगचं घर्षण, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. त्रिज्या गाडीच्या हाउसिंगने ठरवलेली असते, तिथे फार काही करता येत नाही. साध्या क्लचला प्लेट एक, म्हणजे बाजू दोन. उरतात दाब आणि घर्षण. खासबागेत कुस्ती पाहिली असेल तर हे वेगळं सांगायला नको. घामेजलेल्या मनगटावर पकड टिकवायला पैलवान एक तर मूठ जास्त आवळतो, नाहीतर तांबडी माती लावतो. पकड दोन्हीने वाढते, पण मूठ आवळली तर त्याचा स्वतःचा हात भरून येतो आणि माती लावली तर समोरच्याची कातडी सोलते.

आकड्यात बघा. समजा दाब ५,००० न्यूटन, घर्षणांक ०.३, सरासरी त्रिज्या १० सेंटिमीटर आणि बाजू दोन. ताकद झाली ३०० न्यूटन मीटर. प्रेशर प्लेट ३० टक्के जास्त दाबाची टाकली तर ३९०. प्रेशर प्लेट तीच ठेवून ०.४ घर्षणांकाची सिरॅमिक प्लेट टाकली तर ४००. कागदावर दोन्ही जवळजवळ सारखेच. गाडीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि दुकानदार नेमका तोच सांगत नाही.

जास्त दाबाची प्रेशर प्लेट म्हणजे तिच्या डायफ्रॅम स्प्रिंगमध्ये जोर जास्त. तो जोर दर वेळी तुमचा डावा पाय मोडतो. नवरात्रात बिंदू चौकातून अंबाबाईच्या दिशेने निघालात तर रात्री गुडघा स्वतःच हिशेब देईल. पायाबरोबर मास्टर सिलिंडर, स्लेव्ह सिलिंडर, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग यांनाही तो भार सोसावा लागतो. जुन्या सिलिंडरवर नवी जड प्रेशर प्लेट बसवली की थोड्या दिवसांत तेल गळायला लागतं आणि लोक शिव्या देतात क्लचला. पण प्लेट ऑरगॅनिकच, म्हणजे कंपनीसारख्या नेहमीच्या लायनिंगची, असेल तर पेडल सोडताना गाडी पूर्वीसारखीच हळुवार उचलते. हे लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

सिरॅमिकच्या बटण प्लेटचं, म्हणजे सुट्या ठोकळ्यांच्या प्लेटचं, उलटं. प्रेशर प्लेट कंपनीचीच असेल तर पेडल अगदी पूर्वीइतकंच हलकं राहतं. मग मालक म्हणतो, "कडक कुठाय? फसवलं मला." फसवलेलं नसतं. तो कडकपणा दाबताना नाही, सोडताना भेटतो.

असं का होतं, तर नुसत्या घर्षणामुळे नव्हे. ऑरगॅनिक प्लेटच्या दोन लायनिंगच्या मध्ये नागमोडी पातळ पत्र्याच्या स्प्रिंगा असतात. पेडल सोडत जाल तशा त्या हळूहळू दबतात आणि पकड टप्प्याटप्प्याने वाढते. आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो तो सगळा खेळ या पत्र्यांवर चालतो. बऱ्याच बटण प्लेटांमध्ये हे पत्रे नसतातच. गोल लायनिंगच्या जागी चार किंवा सहा ठोकळे, आणि मध्ये उशी नाही. त्यामुळे सुटलेला आणि धरलेला यांच्यात पेडलचा जेमतेम बोटभर प्रवास उरतो. प्लेटच्या मधोमध ज्या जाड गुंडाळी स्प्रिंगा दिसतात त्या वेगळ्या. त्या गिअरबॉक्सला बसणारा हिसका शोषतात, धरण्यातला झटका फारसा कमी करत नाहीत. "स्प्रिंगवाली आहे, स्मूथ चालेल" असं सांगणाऱ्याला हा फरक जरूर विचारा.

हा धडा मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून सहा ठोकळ्यांची प्लेट टाकली. हायवेवर झकास. मग एका रविवारी पाहुण्यांना घेऊन पन्हाळ्यावर गेलो. चढावर गाडी रिव्हर्समध्ये पार्किंगमधून काढताना ती अशी थरथरली, की मागच्या सीटवरच्या आत्यांनी विचारलं, "गाडीला ताप आलाय का रे?" तीन वेळा बंद पडली. हाफ क्लचवर रांगवत नेण्याची जन्मभराची सवय त्या प्लेटला मान्य नव्हती.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, "ट्रॅक्टरला सिरॅमिक प्लेट चालते, मग कारला का नाही?" चालते, खरंय. दोन ट्रॉल्या ऊस ओढायला तीच पाहिजे. पण ट्रॅक्टरवाला खालच्या गिअरमध्ये क्लच सोडतो आणि शेतातून कारखान्याकडे निघतो. महाद्वार रोडला दर दोन फुटांवर थांबत, समोरच्या रिक्षाला न चिकटता पुढे सरकणं हे त्याच्या कामात बसत नाही. सिरॅमिक उष्णता जास्त सोसतं म्हणजे हाफ क्लच जास्त चालवून घेतं, असाही एक गोड गैरसमज आहे. लायनिंग टिकतं, फ्लायव्हीलचा आणि प्रेशर प्लेटचा चेहरा, म्हणजे घासणारी बाजू, मात्र खरवडून निघतो.

बाकीचे फरक किरकोळ. ड्युअल मास म्हणजे दोन भागांचं फ्लायव्हील काढून हलकं सिंगल मास, म्हणजे एकाच तुकड्याचं, टाकलं आणि न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडायला लागला, तर तो क्लचचा दोष नव्हे. ड्युअल मास फ्लायव्हीलच्या पोटातल्या स्प्रिंगा तो आवाज गिळत होत्या, त्या गेल्या. डब्याचा रंग, पत्र्यावरचा लोगो यावर मी बोलत नाही.

‘स्टेज’वर मात्र बोलणार. "स्टेज टू क्लच आहे" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. स्टेज म्हणजे काय याचं कुठलंही सर्वमान्य माप नाही, प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. एक्सेडी या क्लच कंपनीच्या रेसिंग किटमध्ये स्टेज वन म्हणजे ऑरगॅनिक आणि स्टेज टू म्हणजे सिरॅमिक. दुसऱ्याकडे स्टेज टू म्हणजे फक्त जड प्रेशर प्लेट असू शकते. एसीटी या क्लच कंपनीची पद्धत मला पटते. नावाचा पहिला भाग प्रेशर प्लेटचा, दुसरा प्लेटचा: एचडी-एसएस म्हणजे जड दाब आणि रस्त्यावरची स्प्रिंगवाली प्लेट, एचडी-जी६ म्हणजे तोच दाब पण सहा ठोकळे. घोळाला जागाच नाही.

माझं मत विचाराल तर रोज चालणाऱ्या गाडीला जड प्रेशर प्लेट आणि पूर्ण गोल ऑरगॅनिक प्लेट. फोक्सवॅगन व्हर्टसच्या १.५ टर्बोचा मूळ टॉर्क २५० न्यूटन मीटर. रिमॅपने तो समजा ३३० झाला, तरी ३० टक्के जास्त दाबाने काम भागतं. बटण प्लेट ट्रेलरवरून ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला. आणि टॉर्क त्याच्याही फार पुढे गेला असेल तर पैसे साठवून दोन प्लेटांचा क्लच घ्या. बाजू चार होतात, त्यामुळे वरच्या हिशेबातले ३९० न्यूटन मीटर ३,२५० न्यूटन दाबातच मिळतात, म्हणजे पेडल कंपनीपेक्षा हलकं ठेवता येतं. ‘जड पेडल म्हणजे दणकट क्लच’ म्हणणाऱ्यांनी एकदा असा क्लच दाबून बघावा.

खर्च करण्याआधी मात्र क्लच खरंच कमी पडतोय का हे पाहा. कागलच्या बाजूला मोकळा रस्ता बघून चौथ्या गिअरला २,००० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. काटा चढला आणि वेग चढला नाही, तर क्लच सुटतोय. मग गिअरबॉक्स उतरवल्यावर आधी प्लेटवर तेल आहे का ते बघायला सांगा. क्रँकचं मागचं ऑइल सील गळत असेल तर कुठलाही महागडा क्लच तितकाच सुटेल.

फ्लायव्हील साधं असेल तर चेहरा उद्यमनगरात लेथवर मारून घ्या, त्या कामाचे हात आपल्या गावात भरपूर आहेत. ड्युअल मास असेल तर लेथवर चढवू नका, गेलं असेल तर बदला. आणि ऑरगॅनिक प्लेट बसवल्यावर पहिले ८०० किलोमीटर गावातच शांतपणे चालवा, टर्बोचा पूर्ण जोर नको. गगनबावड्याचा घाट त्यानंतर.