लॉफ्ट सदनिका (नागपूर)

उंच छत, मोठाल्या खिडक्या, गिलावा न केलेल्या विटांच्या भिंती आणि आत जवळजवळ आडभिंतीच नाहीत, अशा सलग घराला लॉफ्ट म्हणतात. मराठी घरातला लॉफ्ट म्हणजे न्हाणीघराच्या वरचा सिमेंटचा माळा. पावसाळा लागला की कूलरचा पंप, वाळलेल्या ताट्या आणि लग्नकार्यातली पातेली तिथे चढतात. त्याच्याशी या घराचा संबंध फक्त नावापुरता.

हा प्रकार रुजला न्यूयॉर्कच्या सोहो भागात. तिथले कारखाने आणि गोदामे ओस पडली, तेव्हा कमी भाड्यात भरपूर जागा आणि उजेड मिळतो म्हणून चित्रकार-शिल्पकार त्यांत राहू लागले. ते राहणे नियमबाह्य होते. कलावंतांपुरती मुभा १९७१ मध्ये मिळाली, तर भाडेकरूंना संरक्षण देणारा लॉफ्ट कायदा १९८२ चा. पुढे पैसेवाले आले आणि बऱ्याच कलावंतांना भाडे परवडेनासे झाले.

नागपुरात अशा घरांना साजेशी वास्तू होती. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. गांधीसागर तलावाजवळची ही गिरणी बंद पडली, इमारती गेल्या आणि त्या जागेवर मॉल व उंच निवासी इमारती आल्या. गिरणीत घरे झाली नाहीत, गिरणीच्या जागी झाली. त्यामुळे इथे लॉफ्ट म्हणून जे दाखवले जाते ते बहुधा नवेकोरे काँक्रीट असते: दुप्पट उंचीचा हॉल, त्यात पोटमाळा आणि भिंतीला विटेसारख्या दिसणाऱ्या टाइल्स.

भर शहरात राहण्याची सोय मात्र खरी आहे. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला मिळतात. पहिली मार्गिका मार्च २०१९ मध्ये धावू लागली.

मालकीच्या बाबतीत 'कॉन्डोमिनियम' हे नवे बिरुद वाटले, तरी महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० याच पद्धतीचा आहे. सदनिका स्वतःची; जमीन, जिना, गच्ची यांत अविभक्त हिस्सा. हा हिस्सा सदनिकेच्या मूल्यावर ठरतो. देखभाल खर्च आणि मताचे वजन त्याच प्रमाणात असल्याने महागड्या लॉफ्टवाल्याला भुर्दंड जास्त, पण बैठकीत वटही जास्त.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नागपूरकराचा भरवसा कूलरवर. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, पण त्याला खिडकीबाहेर लोखंडी स्टँड हवा आणि हवा निघून जायला समोरची खिडकी किलकिली हवी. छतापर्यंतच्या बंद काचेत यातले काहीच जमत नाही. पश्चिमेची काच असेल तर दुपारपासूनच जाड पडदे ओढावे लागतात. गरम हवा वर चढते, म्हणजे झोपायची जागा असलेल्या पोटमाळ्यावरच साचते. मग गाद्या खाली हॉलमध्ये येतात, त्या पहिल्या पावसापर्यंत.