बॅरोनेटचा किताब वारसाच्या नावे कसा नोंदवतात? पात्रता आणि कागदपत्रे

जे. जे. हॉस्पिटल मुंबईत कुणाला ठाऊक नाही? ज्यांच्या देणगीतून ते उभं राहिलं त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांना 1842 मध्ये 'सर' ही पदवी मिळाली. ती त्यांच्यापुरतीच होती. 1857 मध्ये मिळालेला बॅरोनेट हा ब्रिटिश राजसत्तेचा किताब मात्र पिढीजात, आणि तो त्याच घराण्यात चालत आला.

किताब अर्ज करून मिळत नाही, हे आधी लक्षात घ्या. आधीचा बॅरोनेट वारला की कायद्याने तो लगेच वारसाकडे जातो. अर्ज असतो मान्यतेसाठी. 1910 च्या राजाज्ञेनुसार बॅरोनेटांची अधिकृत नोंदवही ठेवतात आणि तिच्यात नाव चढल्याशिवाय सरकारी कागदांत कुणाला बॅरोनेट म्हणत नाहीत. ही वही लंडनला, न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत असते.

वारस कोण, हे मूळ सनदेवर ठरतं. बहुतेक सनदांत किताब फक्त पुरुष वंशजांना, तोही थोरल्या शाखेपासून. मुलींना हक्क नाही. मला हे आजही खटकतं. दत्तक मुलालाही नाही. इंग्लंडच्या कायद्यात मूल झाल्यावर आईवडिलांनी लग्न केलं तरी त्या मुलाला किताबाचा हक्क येत नाही. मुलगा नसेल तर किताब भावाकडे किंवा भाऊबंदांकडे वळतो. जीजीभॉय घराण्यातले तिसरे बॅरोनेट 1898 मध्ये वारले, तेव्हा तो त्यांच्या भावाकडे गेला.

मुलगा अर्ज करत असेल तर कागद मोजकेच: आधीच्या बॅरोनेटचा मृत्यूदाखला, आईवडिलांची नावं असलेला स्वतःचा जन्मदाखला, आईवडिलांचा विवाहदाखला आणि आपणच वारस असल्याचं प्रतिज्ञापत्र. चुलत घरातला अर्जदार असेल तर मात्र आपल्याहून थोरल्या प्रत्येक शाखेत पुरुष वारस उरलेला नाही, हे दाखवावं लागतं. जात पडताळणीसाठी ज्यांनी पणजोबांपर्यंतची वंशावळ जुळवली आहे, त्यांना हे काम किती जिकिरीचं ते सांगायला नको.

जीजीभॉय घराण्यात आणखी एक पेच आहे. 1860 च्या कायद्याने किताब घेणाऱ्या प्रत्येकाला जमशेटजी जीजीभॉय हेच नाव लावणं बंधनकारक केलं. दुसरे बॅरोनेट मूळचे खुर्शेदजी, तिसरे माणेकजी, चौथे कावसजी. किताब आला आणि तिघंही जमशेटजी झाले. अशा घरात मुलाच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं एक नाव आणि त्याच वडिलांच्या मृत्यूदाखल्यावर दुसरं असू शकतं. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, हे प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा आणि पुरावा जोडा. मोघम ठेवू नका.

दाखले बिनचूक असले तरी वाद उभा राहू शकतो. स्कॉटलंडच्या प्रिंगल घराण्याचा किताब 1683 चा. तिथे डीएनए चाचणीत दिसलं की एका पिढीत रक्ताचं नातंच तुटलेलं होतं. 2016 मध्ये प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटनमधल्या वरिष्ठ न्यायसंस्थेने तो पुरावा ग्राह्य धरला आणि किताब दुसऱ्या शाखेकडे गेला.

अर्जदार भारतीय नागरिक असेल तर त्याने राज्यघटनेचं कलम 18 आधी वाचावं. परकीय राष्ट्राकडून किताब स्वीकारायला त्यात नागरिकांना मनाई आहे. वारशाने आलेल्या किताबाचं काय, याबाबत वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा आणि मगच लंडनला कागद पाठवावेत.